अशोक, असोक आणि आजीची हाक

उत्तर नागपुरातल्या एका तरुण वडिलांनी विचारले आहे. त्यांचे वडील 1957 चे, नाव अशोक, गेल्या वर्षी वारले. आता घरात मुलगा झाला आहे आणि आजोबांचेच नाव ठेवायचे जवळजवळ ठरले आहे. पण बारशाआधीच शंका निघाल्या. आजोबांच्या टीसीवर, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, 'असोक' लिहिले आहे, बाकी सगळ्या कागदांवर 'अशोक'. आणि घरातली म्हातारी आजी, म्हणजे गेलेल्या वडिलांची आई, आजही 'असोक'च म्हणते. मग खरे कोणते? एक काका म्हणतात, ज्या नावात 'शोक' आहे ते बाळाला नको. दुसरे कुणी म्हणाले, सीतेने ज्या झाडाखाली रडून दिवस काढले ते हे झाड. आणि बाळाच्या आईला वाटते, शाळेत पोरे 'लेलँड' म्हणून चिडवतील.

मी 34 वर्षे संस्कृत आणि पाली शिकवली. नाव ठेवायच्या आधी लोक विचारायला येतात, तो जोडधंदा नव्हे पण जोडकाम आहेच. इतक्या वर्षांत ज्या नावांवर मी तासभर बोललो असेन त्यांत अशोक पहिला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आजीचे 'असोक', कारण माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे.

टीसीवर असोक लिहिले गेले तेव्हा गुरुजींनी घरच्यांच्या तोंडून जे ऐकले ते लिहिले. आज आपण त्याला चूक म्हणतो. पण ही चूक नाही. संस्कृतातले 'श' आणि 'ष' प्राकृतात आणि पालीत 'स' झाले, आणि मराठीचे कितीतरी रोजचे शब्द त्याच वाटेने आले. शुण्ठीची सुंठ झाली, शूर्पाचे सूप झाले, श्वश्रूची सासू झाली, शुष्काचे सुके झाले. तुमची आजी असोक म्हणते ती याच नियमाने म्हणते. ज्या तोंडाने ती सासू आणि सूप म्हणते त्याच तोंडाने असोक म्हणते. पोथीतला शब्द शाळेतून परत आला म्हणून आपण पुन्हा 'श' लावला, इतकेच.

आणि पुढचे ऐका. ज्या सम्राटाचे हे नाव, त्याच्या शिलालेखांत तो स्वतःला जवळजवळ सगळीकडे 'देवानंपिय पियदसि' म्हणवतो, म्हणजे देवांचा लाडका, प्रिय दिसणारा. नाव लिहीतच नाही. 1837 साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी वाचली तेव्हा हा पियदसि कोण हे कळेना. श्रीलंकेच्या पाली ग्रंथांवरून तो अशोक असावा असे जुळवले गेले. पक्का पुरावा दगडावर मिळाला तो 1915 साली, कर्नाटकात रायचूर जिल्ह्यातल्या मस्की गावी. तिथल्या लेखात 'देवानंपिय'च्या पुढे राजाचे नाव आले आहे. पुढे मध्य प्रदेशातल्या गुजर्रासारख्या आणखी मोजक्या ठिकाणी ते सापडले. मस्कीच्या त्या दगडावर काय कोरले आहे? 'असोकस', म्हणजे असोकाचे. दन्त्य 'स'ने. टीसीवर तुमच्या वडिलांचे नाव जसे आहे तसे, आजी हाक मारते तसे. त्या राजाला त्याच्या काळात लोक ज्या उच्चाराने ओळखत होते तो उच्चार सव्वादोन हजार वर्षांनी तुमच्या माजघरात चालू आहे. दाखला जपून ठेवा, लॅमिनेट करून घ्या.

आता काकांची शंका, नावात शोक आहे ही.

अ आणि शोक. ज्याला शोक नाही तो अशोक. व्याकरणात याला नञ् बहुव्रीहि म्हणतात. सुरुवातीला 'अ' आहे म्हणून नाव नकारार्थी होत नाही, नाहीतर अमर, अजित, अनंत, अच्युत, अभय, अक्षय या सगळ्यांनाच बाद करावे लागेल. काकांच्या पिढीत या प्रत्येक नावाचा एक तरी माणूस घरात असेल.

'शोक' हा शब्द मुळापासून बघण्यासारखा आहे. धातू शुच्. वेदांत त्याचा अर्थ जळणे, तळपणे असाही आहे, आणि 'शोक' म्हणजे ज्वाला, आच. त्याच धातूपासून शुचि, म्हणजे उजळ, स्वच्छ. जळण्यापासून दुःखाकडे अर्थ कसा सरकला हे मराठी माणसाला समजवावे लागत नाही. आपला जीव जळतो, काळीज जळते. तेव्हा अशोक म्हणजे ज्याच्या आत ती आग नाही. गीतेत कृष्णाच्या उपदेशाचे पहिले शब्द याच धातूचे आहेत: 'अशोच्यानन्वशोचस्त्वम्', ज्यांचा शोक करू नये त्यांचा तू शोक करतोस. एका ओळीत दोनदा.

बहुव्रीहीत आणखी एक खुबी असते. ज्याला शोक नाही तो अशोक, हा एक अर्थ. आणि ज्याच्यामुळे शोक उरत नाही तोही अशोक. बौद्ध परंपरेतल्या अशोकावदानात नावाची गोष्ट आहे ती या दुसऱ्या अर्थाची. राजाच्या मर्जीपासून दूर ठेवलेली राणी, तिला मुलगा झाला, आणि ती म्हणाली की मी आता अशोका झाले, माझा शोक गेला. म्हणून मुलाचे नाव अशोक. दुसरा मुलगा झाला तेव्हा शोक सरलेलाच होता, म्हणून त्याचे नाव वीतशोक. म्हणजे नाव मुलाचे, पण त्यात वर्णन आईच्या मनाचे आहे. तुमच्या घरात वर्षभरापूर्वी माणूस गेला आहे आणि आता पाळणा हलतो आहे. हा अर्थ मी तुम्हाला वेगळा फोडून सांगायला नको.

तुमच्या घरी मंगलसुत्त, म्हणजे बौद्ध घरांत म्हटले जाणारे पाली सूत्र, म्हटले जात असेल. मी इंदोऱ्याकडे राहणाऱ्या विद्यार्थ्यांना पाली शिकवायचो तेव्हा बहुतेकांना ते आधीच तोंडपाठ असायचे, अर्थ मात्र विचारावा लागायचा. त्याच्या शेवटाकडे एक गाथा येते: 'फुट्ठस्स लोकधम्मेहि, चित्तं यस्स न कम्पति, असोकं विरजं खेमं, एतं मङ्गलमुत्तमं.' लाभ-हानी, निंदा-स्तुती असे जगाचे धर्म अंगाला भिडले तरी ज्याचे चित्त हलत नाही, जे शोकरहित, निर्मळ आणि निर्भय आहे, ते उत्तम मंगल. तिथे असोक हे विशेषण आहे, मनाचे. वर्षानुवर्षे घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या मंगलाच्या व्याख्येत हा शब्द बसला आहे. त्याला अपशकुनी कसे म्हणणार? काकांना ती गाथा म्हणायला सांगा, ते स्वतःच थांबतील.

तरीही काकांच्या शंकेत एक खरी गोष्ट आहे आणि ती टाळू नये. अशोक नाव ठेवले म्हणून शोक चुकत नाही. सम्राटालाही चुकला नाही. कलिंगच्या युद्धानंतरचा त्याचा तेरावा शिलालेख वाचताना माझा आवाज वर्गात दरवर्षी बसायचा. दीड लाख माणसे पकडून नेली, एक लाख मारली गेली, त्याच्या कितीतरी पट मेली, असे तो जिंकणारा राजा स्वतः लिहितो. आणि मग लिहितो की कलिंग जिंकून देवानंपियाला पश्चात्ताप झाला. आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढीच्या खडकावर तिथे शब्द आहे 'अनुसोचन'. तोच शुच् धातू. ज्याचे नाव शोक नसलेला, त्याने आपला शोक दगडावर कोरून ठेवला, आणि त्याच लेखात पुढे सांगितले की धम्माने मिळवलेला विजय हाच मोठा विजय. मला हे नाव आवडते ते त्या एका शब्दामुळे. ज्याला कशाचे काही वाटत नाही तो अशोक, असा अर्थ त्यानंतर करताच येत नाही.

नागपूरकरांना 'धम्मविजय' शब्दाचे वजन सांगायला नको. बौद्ध परंपरेत विजयादशमीला अशोक विजयादशमी म्हणतात, आणि 14 ऑक्टोबर 1956 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षेसाठी आपल्या शहरात तोच दिवस निवडला. तुमचे वडील 1957 चे. आजीने पुढच्याच वर्षी झालेल्या मुलाचे नाव असोक ठेवले यात योगायोग किती आणि ठरवून किती, ते आजीला विचारा. तिने सांगितले तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. अशी माहिती कुठल्या कोशात मिळत नाही आणि ती सांगणारी माणसे कमी होत चालली आहेत.

जाता जाता एक जवळची गोष्ट. नागभीडजवळच्या देवटेकला एक शिळा सापडली, ती आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात आणली गेली. तिच्यावर दोन लेख आहेत. जुना मौर्यकाळाच्या अक्षरांतला, प्राणी पकडू नयेत, मारू नयेत अशा आज्ञेचा. आणि त्याच दगडावर नंतरचा, वाकाटक राजा रुद्रसेनाचा. वा. वि. मिराशींनी त्यांचे वाचन केले. जुन्या लेखात राजाचे नाव नाही, 'सामी' म्हणजे स्वामी आज्ञा करतो एवढेच आहे. राजाचे नाव न घेता त्याचा हुकूम सांगण्याची रीत विदर्भातही होती.

झाडाची शंका राहिली.

वाल्मीकींच्या सुंदरकांडात हनुमान अशोकवनात सीतेला शोधतो, ती बसलेली आहे शिंशपेखाली, म्हणजे शिसवाच्या जातीच्या झाडाखाली. हनुमानही त्याच झाडावर लपून बसतो. अशोकाची झाडे भोवती होती, बागेचे नाव त्यांच्यावरून. आणि रामाची अंगठी सीतेच्या हातात पडली, तिला जगण्याचे बळ आले, तेही त्याच बागेत. तेव्हा झाडाला दोष देऊ नका. त्याच रामायणात दशरथाच्या आठ मंत्र्यांची नावे आहेत, त्यांत एक अशोक आहे. महाभारताच्या आदिपर्वातही अशोक नावाचा राजा येतो. मौर्य राजाशिवायही हे नाव माणसांना ठेवले जात होते, हे यावरून ध्यानात घ्या.

पण तुमच्या मनात जे झाड आहे तेच बहुधा अशोक नाही. आपल्या नागपुरात कॉलनीच्या कंपाउंडला लावलेली, मिटलेल्या छत्रीसारखी उंच, लांब लाटदार पानांची जी झाडे आहेत, दसऱ्याला आणि लग्नाला ज्यांच्या पानांची तोरणे करतात, तो खोटा अशोक. त्याचे कूळ सीताफळ-रामफळाचे. फुले हिरवट, पानांत लपलेली, फुलली कधी आणि गळली कधी ते कळतही नाही. खरा अशोक वेगळा, आणि त्याला मराठीत नावच सीतेचा अशोक. तो ओलाव्याच्या, सावलीच्या जंगलातला. आपल्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात त्याला जपावे लागते, म्हणून शहरात क्वचित दिसतो.

धरमपेठेत माझ्या एका सहकाऱ्यांच्या मागच्या अंगणात एक होता, विहिरीच्या कडेला. फाल्गुनात ते मला मुद्दाम बोलवायचे. फूल आधी केशरी-पिवळे उमलते आणि दिवस जातील तसे लाल होत जाते, त्यामुळे एकाच गुच्छात तिन्ही रंग दिसतात. हातात घेऊन पाहिले तर कळते की त्याला पाकळ्या नाहीतच. जे रंगीत दिसते तो निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांबाहेर असते ते वेष्टन, चार निदलांचे, आणि त्यांतून बाहेर झेपावलेले लांब पुंकेसर. गुच्छ थेट जाड फांदीलाच लगडलेले. कोवळी पाने तांब्याच्या रंगाची, मलूल, खाली लोंबणारी. संस्कृतात झाडाला ताम्रपल्लव म्हणतात ते यासाठी. वंजुल, कंकेली, हेमपुष्प ही आणखी नावे. संस्कृतात झाड पुंल्लिंगी, अशोकः; फूल नपुंसकलिंगी, अशोकम्. मदनाच्या पाच बाणांत अशोकाचे फूल आहे. जैन परंपरेत तीर्थंकरांच्या आठ प्रातिहार्यांत, म्हणजे त्यांच्या दैवी वैभवाच्या खुणांत, अशोकवृक्ष आहे. मूर्तीच्या मागे-वर कोरलेला दिसतो. चैत्र शुद्ध अष्टमीला अशोकाच्या कळ्या पाण्यातून पिण्याचे व्रत आहे, त्यात झाडालाच विनंती केली जाते: 'मामशोकं सदा कुरु', मला कायम अशोक कर.

विदर्भाचे नाते तर थेट आहे. सुंदरीच्या पायाचा स्पर्श झाला की अशोक फुलतो असा जुना कविसंकेत. त्याला दोहद म्हणतात, डोहाळा हा आपला शब्द त्यातूनच. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात राणी धारिणीचा पाय झोपाळ्यावरून पडून दुखावला आहे, म्हणून बागेतल्या न फुलणाऱ्या अशोकाला पाय लावायला ती दासी मालविकेला पाठवते, आणि पाच रात्रींत फुलला तर मागशील ते देईन म्हणते. झाड फुलते. ती दासी विदर्भाची राजकन्या निघते, आणि शेवटी विदर्भाची वाटणी होते ती वरदा नदीच्या दोन तीरांवर. वरदा म्हणजे आपली वर्धा. रामटेकला रामगिरी मानतो त्या मेघदूतातही यक्षाच्या घराच्या खुणांत 'रक्ताशोक' आहे, हलत्या पालवीचा. मी रामटेकच्या सहलीला मुलांना नेत असे तेव्हा हा श्लोक गडावर म्हणायला लावायचो.

औषधाचे एक सांगून टाकतो, कारण तिथे नावाच्या घोळाने नुकसान होते. अशोकारिष्ट खऱ्या अशोकाच्या सालीचे, गूळ आणि धायटीची फुले घालून आंबवलेले. बायकांच्या अंगावरून जास्त जाण्याच्या तक्रारीत वैद्य देतात. बाजारात खोट्या अशोकाची साल अशोकसाल म्हणून मिसळली जाते. इतवारीतून सुटी साल आणून घरी काढे करू नका, जाणत्या वैद्याला दाखवूनच काय ते करा.

आता लेलँड. हे नाव ट्रकवर कुठून आले ते बाळाच्या आईला जरूर सांगा. 1948 साली रघुनंदन सरन यांनी मोटारींचा कारखाना काढला आणि आपल्या मुलाच्या नावावरून त्याला अशोक मोटर्स म्हटले. इंग्लंडची लेलँड कंपनी भागीदार झाल्यावर 1955 मध्ये ती अशोक लेलँड झाली. भंडारा जिल्ह्यात गडेगावला त्यांचा कारखाना आहे, आपल्या भागातल्या किती घरांची चूल त्यावर चालते. म्हणजे त्या ट्रकच्या तोंडावर लिहिलेला अशोक सम्राट नाही, झाड नाही, एका बापाचा मुलगा आहे. पोरांनी चिडवले तर तुमच्या मुलाकडे सांगायला ही गोष्ट असेल.

बाकी वापर तुम्हाला ठाऊक आहेत. झेंड्यावरचे 24 आऱ्यांचे अशोकचक्र 22 जुलै 1947 ला संविधान सभेने स्वीकारले. शांतताकाळातले सर्वोच्च शौर्यपदकही अशोकचक्रच, आणि 2009 च्या प्रजासत्ताक दिनी ते मरणोत्तर मिळालेल्यांत पोलीस अधिकारी अशोक कामटे होते. नाव आणि पदक तिथे एक झाले. कुमुदलाल गांगुलींनी पडद्यासाठी अशोक कुमार हे नाव घेतले. चौक, नगरे, दुकाने तर मोजायलाच नकोत.

मराठीत मात्र एक बारीक गोष्ट आहे, ती मला फार प्रिय आहे. झाड असेल तर आपण म्हणतो अशोकाची पाने, अशोकाखाली. सम्राट असेल तर अशोकाने, अशोकाचे शिलालेख. पण घरातला माणूस असेल तर अशोकने, अशोकला, अशोकच्या घरी. सामान्यरूपाचा तो एक काना झाडाला आणि राजाला लागतो, आपल्या माणसाला लागत नाही. कुणी शिकवत नाही, आपोआप होते. घरच्या माणसाला तो काना मिळतो फक्त हाक मारताना: 'अशोका, ये रे जेवायला!'

कागदांचे सरळ करा. जन्मनोंदणीत बाळाचे नाव 12 महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. तुमच्या हाती वेळ आहे, घाई नको. बाळासाठी सगळीकडे 'अशोक' हेच एक रूप ठेवा, इंग्रजी स्पेलिंगही पहिल्या कागदावर ठरवा आणि पुढे बदलू नका. वडिलांच्या दोन रूपांमुळे वारसाच्या कामात कुणी अडवले, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून द्या. माझ्या ओळखीच्या तीन घरांचे काम तेवढ्याने झाले. एका घराला मात्र एका कार्यालयात 'श' आणि 'स'साठी चार खेटे घालावे लागले, म्हणून टीसीची साक्षांकित प्रत जवळ ठेवा. नावरस अक्षर बघणाऱ्या नातेवाइकांसाठी: 'अ' हे कृत्तिकेच्या पहिल्या चरणाचे, रास मेष. ज्यांना बघायचे ते बघतील.

आणि नामकरणाच्या दिवशी बाळाच्या कानात नाव आत्या सांगणार असेल तर तिच्यानंतर आजीला पुढे बसवा. तिला 'श' म्हणायला लावू नका.